तिसऱ्या पात्याचा आकडा

संतोषचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. संतोष धमतरीकडच्या धरणावर मोटरची नाव चालवतो, तिचा वाकलेला पंखा आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. "काकी, काका से पूछना, पंखा हो गया क्या?" म्हणाला. आमचे हे जाऊन महिना होत आला होता, आणि त्याला कुणी कळवलंच नव्हतं. बाकी सगळ्यांना दिरांनी सांगितलं होतं, ते शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाले... तो हळूच म्हणाला, पंखा जैसा है वैसा दे दो. मी पटकन सांगून टाकलं की एक पातं राहिलंय, थोडा थांब. खरं म्हणजे मला तो द्यायचाच नव्हता. यांच्या हातचं शेवटचं काम ते. तेही घरातून गेलं की मग मी बघू कशाकडे?

हे रेल्वेत फिटर होते. घराणं वर्ध्याकडचं, पण जन्म इथला, रायपूरच्या पुरानी बस्तीतला, त्यामुळे बोलण्यात 'मले-तुले' होतं आणि 'हो' म्हणायला छत्तीसगढी 'हव'ही. रायपूर राजधानी झालं, हिंडणारे वाढले, धरणावर मोटरच्या नावा आल्या आणि त्यांचे पंखे दगडांवर आपटून वाकू लागले. निवृत्त माणसाला आणखी काय पाहिजे! समता कॉलनीतल्या आमच्या जेवायच्या टेबलावर पितळी पंखे येऊन बसले आणि आम्ही दोघं ओट्याशी उभ्यानं जेवू लागलो. मी कुरकुर करायची, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

काहून एवढं मोजून राहिले, असं मी एकदा विचारलं. तर त्यांनी माझा हात हातात घेतला. तळवा म्हणजे पंख्याचा मधला बुंधा, बोट म्हणजे पातं. बोट सरळ उभं धरायला लावलं, मग हलकेच मागे कलवलं. हा मागचा कल म्हणजे रेक. तो नीट असला तर भरलेल्या नावेचं नाक पाण्यावर उचलून राहतं, फार झाला तर इंजिन दमतं. आणि तिन्ही पात्यांचा कल एकसारखा नसला तर नाव हीव भरल्यासारखी थरथरते. सगळं समजावून झालं तरी हात काही सोडला नव्हता. या वयात लाज वाटली मला, पण मीही काढून घेतला नाही.

सुरुवातीला एक फजिती झाली. पाती टेबलाला टेकू नयेत म्हणून हे पंखा माझ्या लाकडी पोळपाटावर ठेवायचे आणि टेबलापासून पात्यापर्यंतची उंची मोजायचे. एक पातं खाली झुकलेलं दिसलं. बीरगांवातल्या ओळखीच्या शेडमध्ये जाऊन, तापवून, त्यांनी ते उचललं. पंखा बसवला तर नाव पहिल्यापेक्षा जास्त थरथरली! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही त्यांना. मग पोळपाटावर नुसती पट्टी आडवी ठेवून बघितली. इतक्या वर्षांच्या लाटण्यानं तो उजव्या अंगाला झिजला होता. पातं चांगलंच होतं, पंखाच तिरका बसला होता. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर हे हसत सुटले. "तुह्या पोळ्या खाल्ल्या मी इतकी वर्षं, आन् हिशेबातच धरल्या नाहीत," म्हणाले.

मुलीनं नवा पोळपाट आणला, यांनी तो परत पाठवला. त्यांनी मोजायची रीतच बदलली. बुंध्याच्या माथ्यावर सरळ पट्टी आडवी धरायची आणि तिच्यापासून खाली पात्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, आधी बुंध्याजवळ, मग टोकाशी. दोन्हींतला फरक म्हणजे रेक. मग खालचा पोळपाट कसाही कलू दे. पट्टी हे धरायचे, आकडे वाचून फरक सांगायची मी, कारण यांना बारीक रेघा दिसत नसत. मी आकडा म्हणायची, ते "हव" म्हणायचे, आणि जुळला तर पात्यावर खडूनं बरोबरची खूण करायचे. आमचं बोलणं दिवसाकाठी कधीकधी एवढंच व्हायचं. मला त्याचीच फार आठवण येते.

हे गेले त्या दुपारी पोळपाट माझ्याकडे होता. दोन पात्यांवर खुणा झाल्या होत्या, तिसरं कोरं होतं. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तुह्यं होऊ दे निवांत, मंग आकडा सांग मले," म्हणाले आणि जरा आडवे झाले... पोळ्या झाल्यावर मी पोळपाट पुसून टेबलावर नेऊन ठेवला आणि हाक मारली.

काल पुन्हा तसाच पुसून नेला. पंखा ठेवला, पट्टी हलू नये म्हणून तिच्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवला. पहिलं पातं अडतीस, दुसरं अडतीस. तिसरं वाकडंच निघू दे, असं मनात आलं. तेवढंच आणखी काही दिवस घरात राहील. चष्मा पुसून वाकून बघितलं. काम त्यांनी पुरं केलं होतं. फक्त वाचायचं राहिलं होतं.

"अडतीस," मी मोठ्यानं म्हटलं आणि सवयीनं थांबले. बराच वेळ थांबले... मग संतोषला फोन लावला, पंखा तयार आहे, घेऊन जा म्हटलं. खडू तिथंच होता. खूण मात्र मी केली नाही. 'हव' ऐकल्याशिवाय ती आमच्याकडे कधी झालीच नाही.