मावशी स्वतःहून उठत नाहीत

मंगळवार, ७ मार्च. सकाळी सव्वासहाला उठले. आंघोळीचं पाणी कोमटच. नाश्त्याआधी मेट्रनबाई, कोण किती आपलं आपण करतं, त्याचा तक्ता घेऊन आल्या. मला शंभरपैकी सत्तर. मावशींना पंचवीस. येत्या सोमवारी त्यांना खालच्या मजल्यावर हलवणार. दुपारी मावशींनी माझ्या खाटेची चादर बदलून दिली.

शाळेत नन्सनी एक सवय लावली होती, पाहिलं तेवढंच लिहायचं. त्या दिवशीही मी तेवढंच लिहिलं. पण डोळ्यांवरचा चष्मा काढता काढता शेवटची वाक्यं पुन्हा वाचली आणि हात थांबला. जिला अंथरुणातून खुर्चीत बसवावं लागतं असं तक्ता सांगत होता, तिनं दुपारी माझी गादी उचलून चादरीचे चारही कोपरे आत खोचले होते. शोधूनही सुरकुती सापडली नसती.

मावशी माझ्या खोलीतल्या. वय एक्क्याऐंशी. अडतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात वॉर्डातल्या आया होत्या. रोगी, नर्सा, मोठे डॉक्टर, सगळेच त्यांना मावशी म्हणत, आणि इथं वृद्धाश्रमात आल्यावरही तेच नाव चिकटलं. नवरा लवकर गेला. एक मुलगी, परगावी, दर रविवारी फोन करते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, तेव्हापासून डावा पाय थोडा ओढतो आणि डाव्या हाताची पकड कमी झाली. आल्या त्या दिवशी मी खिडकीजवळची खाट देऊ केली, तर म्हणाल्या, "नको बाई, मला दाराशीच बरी. हाक आली की निघायला सोपं."

कोण हाक मारणार होतं, ते मी विचारलं नाही.

आमच्या मजल्यावर सकाळची ताई एकच. दोन मुलांची आई, कंबरेला पट्टा. सहा ते आठ या वेळात तिला अकरा जणांना उठवून, आंघोळ घालून, कपडे चढवून जेवणघरात नेऊन बसवायचं असतं. नाकी नऊ येतात. मावशी तिची चाहूल लागताच तयार राहत. कूस बदलायची वेळ आली की अंग सैल सोडत, बाही चढवायची वेळ आली की हात बरोबर त्या कोनात. अडतीस वर्षं दुसऱ्यांची अंगं हाताळल्यामुळे कुठल्या क्षणी कुठं भार पडतो हे त्यांना पाठ होतं. ताई खूश. "अशा दहा मावशी मिळाल्या ना आजी, तर माझी कंबर पोरांच्या लग्नापर्यंत टिकेल," असं ती मला म्हणे. मग ताईनं तक्ता भरला तो अगदी खरा भरला: आंघोळ, मी घालते. कपडे, मी घालते. उठवणं, मी उठवते.

खालच्या मजल्यावरच्या खाटांना दोन्ही बाजूंनी कठडे आहेत. जेवण खाटेवर, दिवसातून दोन तास चाकाची खुर्ची. तिथली माणसं वाईट नाहीत, पण खाली गेलेलं कुणी आपल्या पायांनी वर आलेलं मी चार वर्षांत पाहिलेलं नाही. मावशींनी तर माझ्याहून जास्त पाहिलेलं.

"आठ दिवस पुरतात," त्या म्हणाल्या. "पिंढऱ्या लोण्यासारख्या वितळतात. मग उठव म्हटलं तरी पाय ऐकत नाहीत."

"मग सांगा की मेट्रनबाईंना!"

"काय सांगू? ताईनं खोटं लिहिलं म्हणून?"

"तुम्हाला सगळं येतं एवढंच सांगा."

"म्हणजे तेच झालं. आपलेच दात आपलेच ओठ, बाई. ती पोर माझ्यासाठी राबते आणि मी तिच्यावर बोट ठेवू?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशा मावशी. मी दुसऱ्या दिवशी स्वतःच मेट्रनबाईंकडे गेले आणि चादरीची हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. शुक्रवारी व्यायामाचे डॉक्टर येतात, ते स्वतः पुन्हा बघतील, असं ठरलं.

शुक्रवारी मधल्या दालनात हातांची लाकडी खुर्ची मांडली होती. माझे गुडघेही दाखवायचे होते, म्हणून मी भिंतीशी बसले होते. ताई दारात उभी. डॉक्टर तरुण, हसतमुख, गळ्यात घड्याळ.

"हं मावशी, उठा बघू."

मावशींनी दोन्ही हात पुढं केले आणि दाराकडं बघत बसल्या. डॉक्टरांनी घड्याळ दाबलं. अर्धं मिनिट. एक मिनिट.

"मावशी, मी काय म्हणतोय ते कळतंय ना?"

"न कळायला काय झालं?"

"मग उठा."

"कुणी हाताशी आलं की उठते."

डॉक्टरांनी शून्य लिहिलं. मला राहवलं नाही. "अहो, आता तरी उठा! काल कपाटावरची माझी बॅग कुणी काढली?"

"ती तुमची बॅग होती," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आता मी रोगी आहे. रोग्यानं स्वतःहून उठायचं नसतं."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या बाविसाव्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ, मावशी पाणी आणायला गेल्या तेवढ्यात, आपले आपण उठले आणि पडले. खुबा मोडला. मावशींना तीन महिने वॉर्डातून काढून बेडपॅन धुवायला बसवलं, आणि फलकावर नाव लागलं. "पडलेल्याला कुणी विचारत नाही, डॉक्टर. ड्यूटीवर कोण होतं, एवढंच विचारतात. आज ड्यूटीवर ती उभी आहे." त्यांनी दाराकडं हनुवटी केली.

"अहो, मी आहे ना इथं! जबाबदारी माझी."

"तोंडी?"

"म्हणजे?"

"तोंडी जबाबदारी म्हणजे पाण्यावरची रेघ. लिहून द्या."

डॉक्टर हसले. मावशी हसल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांनी एक कोरा कागद घेतला आणि मावशींनी मजकूर सांगितला: ही बाई स्वतःहून उठेल, चालेल, आंघोळ करेल. पडली तर ड्यूटीवरच्या बाईला जाब विचारू नये. "तारीख घाला. वेळही घाला. मेट्रनबाईंची सही कुठाय?" मेट्रनबाईंना बोलावून आणावं लागलं. सही झाल्यावर मावशींनी कागद हात लांब करून वाचला आणि ताईला दिला.

"तू ठेव गं. पडणार मी, पण विचारणार तुला."

मग त्यांनी पाय खुर्चीखाली ओढले, नाक गुडघ्यांच्या पुढं नेलं आणि उठल्या. समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या, हात लावून परत आल्या. ब्लाउजची पाच बटणं चार मिनिटांत. केसही स्वतः विंचरले, भांग वाकडा पडला. जिन्यापाशी मात्र थांबल्या. "जिना त्या कागदात नाही. आणि खरं सांगू, येतही नाही." गुण झाले साठ. सोमवारचं हलवणं रद्द.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. जे काम ताई नऊ मिनिटांत उरकायची त्याला मावशींना चाळीस मिनिटं लागू लागली. मावशी पावणेसहालाच उठून बसायच्या. ताई दाराशी उभी राहून चुळबुळ करायची आणि मधेच बाही धरायला पुढं व्हायची. "हात मागं बांध," मावशी सांगायच्या. "अगं, उभं राहून बघणं हीच खरी ड्यूटी. मला ती कधी जमली नाही."

गुरुवारी त्या न्हाणीघरात घसरल्या. मी आवाज ऐकला, आणि नंतर ताईचं ओरडणं. कमरेवर हाताएवढा काळानिळा डाग, पण एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. मेट्रनबाई खाटेपाशी आल्या.

"झाली ना हौस, मावशी? आता खालीच बरं."

ताईनं कागद पुढं केला. मेट्रनबाईंनी वाचला.

"यात तर 'उठेल, चालेल' असं आहे."

"मग उठतेय, चालतेय," मावशी म्हणाल्या. "पडणार नाही असं कुठं लिहिलंय?"

मेट्रनबाईंनी कागदाच्या तळाशी पाहिलं. सही त्यांचीच होती. शेवटी तोडगा निघाला: न्हाणीघरात स्टूल ठेवायचं, आंघोळ बसूनच, आणि ताई दाराबाहेर नव्हे, दाराच्या आत उभी राहणार. मावशींना ताईचं आत उभं राहणं मान्य होतं, स्टूल नको होतं. "म्हातारी समजतात का मला?" असं त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसल्या.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होते. पलीकडचा आवाज चढलेला ऐकू येत होता: तिथं कुणी मदत करत नाही का तुला, पडलीस कशी?

"करतात की," मावशी म्हणाल्या. "पडले ते माझी मी पडले. तू कशाला ताईवर चिडतेस? बरं, डबा सांडला असं कोण म्हणत होतं मगाशी? तुझा धाकटा?"

बोलणं संपवून त्या उठल्या आणि जेवणघराकडं निघाल्या. मी रोजनिशी उघडली.

रविवार, १९ मार्च. मावशी मजल्यावरच आहेत. धुलाईहून उशांचे अभ्रे परत आले. माझा अभ्रा चार बोटं आखूड झाला आहे.