परसातली गरम वाईन

आमच्या घरात रांधताना कुणी चाखत नाही. देवाला दाखवायच्या आधी अन्नाला जीभ लावली की ते उष्टं झालं, हे आईचं शास्त्र. आणि आईच्या घरात देव रोजच जेवायला असतो. त्यामुळे सण असो की साधं वरण, मीठ पुरेसं पडलं का ते वासावरूनच ओळखायचं. पोखर्णीच्या नरसिंहाला पुरणाचा नैवेद्य न्यायचो, तेव्हा पुरण गोड झालंय की नाही हे देवाला आमच्या आधी कळायचं. मी शाळेत मास्तरीण. मुलांना प्रयोग करून बघा म्हणून सांगते आणि घरी येऊन आमटीचा वास घेत उभी राहते.

माझा धाकटा भाऊ मात्र चाखल्याशिवाय राहणाऱ्यातला नव्हता. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीने एकदा हिवाळाभर त्याला जर्मनीला पाठवलं, आणि तिथून तो गरम वाईनचं वेड घेऊन आला. नाताळात तिकडचं ऑफिस बंद, म्हणून यालाही सुट्टी. मग दर डिसेंबरात पँटमध्ये गुंडाळलेली बाटली घेऊन स्वारी परभणीत हजर. लाल वाईनमध्ये दालचिनी, लवंगा, संत्र्याची साल आणि साखर घालायची, मंद आचेवर तापवायची, उकळू द्यायची नाही. कृती एवढीच.

आईने गॅसला हात लावू दिला नाही. मग परसात, जिथे अंघोळीचं पाणी तापायचं त्या चुलीवर त्याची सोय झाली, पातेलंही वेगळं. परभणीची थंडी डिसेंबरात हाडं फोडते, त्यामुळे मीही चुलीशेजारी पाट घेऊन बसायची. तो सारखा चमचा तोंडात घालायचा, "थोडी साखर टाक अजून" म्हणायचा. आई आतून ओरडायची, "अरे, सगळा काढा तिथंच संपवायलास का?" मी कधी एक थेंब घेतला नाही. त्याने दरवर्षी आग्रह केला, मी दरवर्षी नाक मुरडलं, आणि दोघांनाही त्यात मजा वाटायची.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. पुण्यात औषधं झाली, किरणांचा शेक झाला. लग्न त्याने केलं नव्हतं, तिथे एकट्याचं निभेना, म्हणून मी त्याला घरी घेऊन आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं. आम्ही दोघं त्यावर बोललो नाही इतकंच.

शेकाने त्याच्या तोंडाची चव पार गेली. घास गिळता यायचा, पण पिठलं म्हणा की बासुंदी, त्याला सगळं सारखंच. दोन घास खाऊन ताट सरकवायचा. "अक्का, माती खाल्ल्यावानी वाटायलंय," म्हणायचा. मी देवाकडे त्याचं आयुष्य मागायचं सोडून दिलं होतं. त्याने एकदा पोटभर, चवीने जेवावं, एवढंच मागत होते.

भेटायला येणारे "तब्येत छान सुधारली की!" म्हणायचे. हाडाला कातडं चिकटलेल्या माणसाला असं म्हणायला लोकांची जीभ कशी रेटते, मला कळत नाही. एकदोघांना तर मी चहासुद्धा विचारला नाही. आई नंतर माझ्यावर चिडली.

नाताळची सुट्टी लागली तसा तो म्हणाला, "अक्का, औंदा बी वाईन करायची."

"तुला चव कळंना, कशाला?" असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्याने ते ओळखलं.

"तुमी न चाखता नैवेद्य करताव ना? तसंच करू."

बाटली आणायला मी गेले. तोंडाला स्कार्फ बांधला होता, तरी दुकानदाराने ओळखलंच. "मॅडम, तुमी?" म्हणाला आणि बाटली दोन कागदांत गुंडाळून दिली. दुसरी कुठली वेळ असती तर मी लाजेने मेले असते.

उन्हं कलताना मी चूल पेटवली. तो माकडटोपी घालून, शाल लपेटून प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. त्याचं नाकही मंद झालं होतं, म्हणून वास मीच घ्यायचा आणि त्याला सांगायचा.

"कसा वास यायलाय?"

"कच्चा हाय अजून."

थोड्या वेळाने गोळीच्या गुंगीत त्याचे डोळे मिटले. मी वास घेत राहिले. पण दरवर्षी मी नाक मुरडूनच बसलेली, त्यामुळे माझ्या नाकाला लवंग-दालचिनीचा एकच वास ठाऊक, सर्दीच्या काढ्याचा. काढा पाव राहीपर्यंत आटवायचा असतो. तो वास येईना, म्हणून उकळू द्यायची नाही हे विसरून मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. पातेलं चांगलं खदखदलं. संत्र्याची साल पार शिजली. ओळखीचा वास आला तेव्हा त्याला हलवून म्हणाले, "झालं बघ."

स्टीलच्या पेल्यात ओतून दिली. त्याने घोट घेतला, तोंडात धरला, बराच वेळ गिळला नाही. मला वाटलं, नेहमीसारखीच माती. मग पेला माझ्यापुढे केला.

"तू घे एक घोट."

"मी?"

"घे ना. आन खरं सांग. ते भेटायला येणारे सांगतेत तसं नको."

खोटं बोलायची माझी तयारी होती. त्याची शेवटची वाईन असणार ही, वाईट कशी म्हणू? "छान झालीय" हे शब्द मी घोट घ्यायच्या आधीच जुळवून ठेवले होते. घोट घेतला आणि अंगावर शहारा आला. काडेचिराईत बरं, असा कडूपणा. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"कडू झालीय," मी म्हणाले. "लय कडू. मी आटवली रे, वाटोळं केलं."

तो खुर्चीत ताठ झाला. "खरंच कडू हाय?"

"हाय म्हणते ना!"

"अक्का, मला बी कडूच लागायलीय! मला वाटलं माझंच तोंड कडवट झालंय. न्हाई, वाईनच कडू हाय!"

तो हसायला लागला, आणि हसता हसता रडायला. मीही. आई घाबरून बाहेर आली. त्याने तिला पेला दाखवला. "आई, मला कडू कळायलंय!"

आईने आम्हा दोघांकडे बघितलं. मग म्हणाली, "मग कारलं करू का रे?"

त्या संध्याकाळी आईने कारल्याची भाजी केली, गूळ न घालता. आणि कढईतली भाजी तळहातावर घेऊन तिने चाखून बघितली, कडू पुरेशी आहे का म्हणून. त्याने अर्धी भाकरी खाल्ली.

पुढे रोज तेच. कारलं, मेथी, मेथीदाण्याची उसळ. मी आधी घास खायची, तो विचारायचा, "कडू हाय ना?" मी म्हणायची, "हाय रे, कडू हाय." मगच तो खायचा, आपली जीभ बरोबर आहे याची खात्री करून. आता मागोमाग खारट येईल, आंबट येईल, गोड येईल, अशी आस आम्हाला लागली होती. संक्रांतीला आईने तिळगुळाचा खडा त्याच्या जिभेवर ठेवला. त्याने बराच वेळ चघळला आणि मान हलवली.

गोड काही आलं नाही. फाल्गुनात तो गेला.

पाडव्याला आम्ही गुढी उभारली नाही. पण पाला खायचा तो खायचा, म्हणून आईने परसातल्या कडुलिंबाचे कोवळे शेंडे खुडून आणले. एका हाताने मला पाला दिला, दुसऱ्या हातात गूळ धरला होता. मी पाला चावला आणि सवयीने मागे वळून म्हणाले, "हाय रे, कडू हाय."

आई गूळ हातात धरून तशीच उभी राहिली.