डंकनचा एकच मराठी शब्द

शुक्रवारची सकाळ, चर्चला निघायची गडबड (इथे दोह्यात सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारी). मी लेकीचे, एलिनाचे केस विंचरत होते, रेमंड गाडीची किल्ली शोधत होता (माझा नवरा ती दर शुक्रवारी शोधतो), आणि बिल्डिंगचा वॉचमन दारात येऊन म्हणाला, "मॅडम, ऊपरवाले साब दरवाजा नहीं खोल रहे." डंकनच्या फ्लॅटची एक किल्ली आमच्याकडे असायची. ती घेऊन मीच आधी जिना चढले. खिडकीजवळच्या खुर्चीत तो बसलेला, शेजारी चहाचा मग, दोन्ही हात मांडीवर. मी फिजिओथेरपिस्ट, माणसाच्या चेहऱ्याआधी माझी नजर हातांकडे जाते. हात रिकामे होते आणि तरी थरथरत नव्हते... तेवढ्यावरूनच मला कळलं, तो गेला. आणि खरं सांगते, माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते "बरं झालं". रेमंड चमकून माझ्याकडे बघायला लागला. पण डॉक्टरांनी पुढचं जे सांगून ठेवलं होतं, अंथरूण, नळी, दुसऱ्याच्या हातून घास, ते डंकनला नको होतं आणि मलाही बघायचं नव्हतं. रडले मी नंतर. आधी हायसं वाटलं.

डंकन स्कॉटलंडचा. समुद्रकाठच्या गावचा, बाप मासळीबाजारात पेट्या उचलायचा, म्हणूनच आम्हा वसईकरांशी त्याचं जमलं असावं. गावच्या फुटबॉल क्लबचा तो गोलकीपर. देशाच्या टीममध्ये एकदा निवड झाली, पण मैदानात उतरायची वेळ काही आली नाही. "बाक मात्र छान होता," म्हणायचा. गावात त्याचा केवढा तोरा! म्हाताऱ्या बायका रस्त्यात थांबवून गालाला हात लावायच्या. मग कपची सेमीफायनल आली. पाऊस, चिखल, शेवटची मिनिटं आणि एक साधा उंच चेंडू, शाळकरी पोरानेही धरला असता असा. तो याच्या ओल्या हातमोज्यांतून निसटला, पायाशी पडला आणि समोरच्याने अलगद आत ढकलला. क्लब हरला. त्यानंतर बेकरीवाला पाव देताना विचारायचा, "धरशील ना?" दुकानातले सगळे हसायचे, डंकनही हसायचा. दोन सीझन असा हसला आणि मग दोह्यातल्या एका क्लबात गोलकीपरांचा कोच म्हणून निघून आला. इथे त्याने कितीतरी पोरांना चेंडू धरायला शिकवलं, पण स्वतः गोलपोस्टांच्या मध्ये कधी उभा राहिला नाही. बाजूला उभा राहून शिट्टी वाजवायचा.

अल मुंतझातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो वरच्या मजल्यावर राहायचा. सुरुवातीला त्याचं इंग्लिश मला ओ की ठो कळायचं नाही. मी आपली "येस, येस" म्हणायची, आणि त्या येस-येसमधूनच एक दिवस त्याचे जुने हातमोजे (घालायचा नाही, पण धुवायचा नेमाने) आमच्या गॅलरीत वाळायला आले! गोलकीपरचे हातमोजे उन्हात वाळवले की तळवे कडक होऊन तडकतात. त्याच्या गॅलरीत दिवसभर ऊन, आमची सावलीतली. हातमोज्यांमागून तो चहाला आला, चहामागून जेवायला. त्याची आणखी एक खोड होती. कुठेही उभा राहिला की बुटाच्या टाचेने जमिनीवर रेघ ओढायचा. आपल्या पाठीमागे गोलचा मध्य नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून गोलकीपर अशी खूण करतात म्हणे. हा लिफ्टमध्ये करायचा, सुपरमार्केटच्या रांगेत करायचा. "अरे बाबा, इथे कोण गोल मारणार आहे तुला?" असं मी म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे.

मग त्याचे हात थरथरायला लागले. पार्किन्सन्स. त्याच सुमारास मला दिवस गेले होते, आणि रेमंडने मला न विचारता त्याला सांगून टाकलं, "बाळाचा गॉडफादर तू." डंकन कॅथलिकच, दर शुक्रवारी चर्चमध्ये आमच्याच बाकावर बसणारा, तेव्हा अडचण काही नव्हती. अडचण एवढीच, की आमच्या घरात बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्याजवळ बाळ गॉडफादरच धरतो. डंकन पांढराफटक पडला. त्या मॅचनंतर त्याने कधी कुणाचं मूल हातात घेतलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं. "माझ्या हातांनी काय केलं ते अख्ख्या गावाने पाहिलंय, सबिना," तो म्हणाला, "आणि तेव्हा तर हे हात धड होते." मी परोपरीने सांगितलं, तुझी ही थरथर रिकाम्या हाताची आहे, हाताला काम मिळालं की ती कमी होते, मी रोज बघतेय. एलिना जन्मली, बाप्तिस्म्याचा दिवस ठरला, तरी पठ्ठ्या ऐकेना.

बाळंतपणासाठी सासूबाई वसईहून आल्या होत्या. त्यांनी माझंच डोकं खाल्लं. "अगं, थरथरत्या हातात लेकरू द्यायचं? वेडबिड लागलंय का तुम्हाला?" बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी त्या फुगे तळत होत्या. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल गोल पाव, आमच्याकडे त्यांच्याशिवाय सण होत नाही. डंकन आला तो स्पष्ट नाही सांगायलाच. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, टाचेने रेघ ओढली आणि शब्द जुळवत बसला. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, पण माणूस कळतो. त्यांनी परातीतला एक निवलेला फुगा उचलला आणि सरळ त्याच्यावर भिरकावला! त्याचे हात आपोआप वर आले, बोटं पसरली, फुगा छातीशी. हात अगदी स्थिर. सासूबाईंनी लगेच दुसरा टाकला. या वेळी त्याने विचार केला... आणि फुगा निसटून फरशीवर पडला.

डंकनचा चेहरा पडला. तो खाली बघतच राहिला. "त्यात काय एवढं?" सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा." आणि तिसरा टाकला. धरला. "पुन्हा." धरला. नंतर तोच लहान पोरासारखा ओरडायला लागला, "पोन्हा! पोन्हा!" फरशीभर तेल, रेमंड हसून भिंतीला टेकलेला, आणि मी बाळंतीण पोट धरून "बास करा" म्हणतेय. शेवटी सासूबाईंनी पदराला हात पुसले. "बाळ मात्र पहिल्याच वेळी धरायचं, सांग त्याला." मी सांगितलं. मग चहा पिताना तो हळूच म्हणाला, त्या सेमीफायनलनंतर क्लबने त्याला गोलमध्ये उभंच केलं नाही. दोन सीझन नुसता बाकावर. पुन्हा म्हणणारं कुणी भेटलंच नव्हतं बिचाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तो बाप्तिस्म्याच्या कुंडासमोर आला, मागे वळून दाराकडे एकदा पाहिलं आणि पॉलिश केलेल्या बुटाच्या टाचेने फरशीवर रेघ ओढली. फादर थांबले. मी एलिनाला पुढे केलं. त्याने बोटं पसरून तिला घेतलं, कोपरं आत घेतली, छातीशी धरलं. फादरांनी पाणी ओतलं तशी ती किंचाळली, पाय झाडायला लागली, ओलीचिंब झाली... डंकनचे हात हलले नाहीत. सासूबाईंनी माझा दंड असा आवळला होता की वळ उठले. बाहेर आल्यावर आम्ही दोघींनी एकदमच हुश्श केलं, आणि डंकन डोळे पुसत सासूबाईंना म्हणाला, "शुक्रन!" म्हणजे अरबीत थँक्यू. त्या गोंधळात त्याला मराठीही आठवेना आणि इंग्लिशही.

त्यानंतर तो दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद गावातल्या मैदानावर रेमंडच्या हौशी टीमच्या सरावाला चक्क गोलपोस्टांच्या मध्ये उभा राहू लागला. गोल खायचा ढिगाने, आणि प्रत्येक गोलनंतर ओरडायचा, "पोन्हा!" मल्याळी, सुदानी, सगळी मंडळी तेच ओरडायला लागली. गेल्या वर्षी पाय साथ देईनात, तेव्हा कडेला खुर्ची टाकून बसायचा आणि तिथून ओरडायचा. तो गेल्यावर त्याची पुतणी आली आणि त्याचा देह त्याच्या गावी घेऊन गेली. हातमोजे आमच्याच गॅलरीत होते. ती म्हणाली, राहू द्या इथेच.

परवा मी फुगे तळले. एलिना आता चार वर्षांची आहे. इथल्या सगळ्या पोरांसारखी तिला मराठी कळते सगळी, पण उत्तर इंग्लिशमध्ये. ते भलेमोठे हातमोजे चढवून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, टाचेने फरशीवर रेघ ओढली आणि म्हणाली, "ममा, थ्रो!" मी फुगा टाकला. तो हातमोज्यांना लागून खाली पडला. "असू दे गं बाळा," मी म्हणणार होते. पण तिने खाली पाहिलंही नाही. दोन्ही पंजे छातीसमोर धरले आणि थेट डंकनच्या उच्चारात मला म्हणाली, "पोन्हा."