उजवा हात तिचा, डावा माझा

मला पियानो वाजवता येतो, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. नाइलाजाने.

नव्वदच्या सुमारास गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला, शांती नगरात तळमजल्यावर राहायला आलो. सुलभा आणि मी लग्नाआधी एकाच सरांकडे पियानो शिकायचो (जमलं तिथेच!). सर मुलीकडे परदेशी निघाले तेव्हा त्यांनी आपला पियानो आम्हाला दिला. सोबत दोन पुस्तकं दिली, एक तिला, एक मला. आमच्या संसारात ठिणगी पडली ती त्या पुस्तकांमुळे.

दोन्ही पुस्तकांत रचना एकच. बरोक काळातली, म्हणजे सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची, चर्चमधल्या ऑर्गनसाठी लिहिलेली. ऑर्गन पायांनीही वाजवतात. पियानोला हात दोनच. त्यामुळे मागाहून जाणकारांनी ती दोन हातांत बसवून दिली, ज्याने त्याने आपापल्या हौसेप्रमाणे. सुलभाच्या पुस्तकातला माणूस काटकसरी. माझा दिलदार! एका सुराच्या जागी चार सूर.

"तुझा माणूस शिऱ्यात तुपाचा डबाच ओततो," सुलभा म्हणायची. "मूळ चव कुठेय त्यात?"

"आणि तुझा? पथ्याचा शिरा! आजाऱ्याला द्यायचा!"

वाद इतका पेटला की ती वाजवायला बसली की मी भाजी आणायला बाहेर पडायचो, आणि मी बसलो की ती गच्चीवर कपडे वाळत घालायची. (कपडे नसले तर वाळलेलेच पुन्हा.) दुसऱ्याचं पहिलं पान संपेपर्यंत घरात थांबणं म्हणजे शरणागती!

सोसायटीला मात्र गच्ची आणि भाजीबाजार दोन्ही पुरेनात. एका रविवारी सेक्रेटरी रमणिकभाई दारात उभे राहिले.

"भाई, सुबह एक बार, शाम को एक बार, वही का वही गाना! माझा बीपी वाढतोय. या शनिवारी सत्यनारायण आहे ना, पूजेनंतर सगळे मेंबर बसतील, तेव्हा फैसला. पियानो राहील, नाहीतर जाईल."

सुलभाच्या डोळ्यांत पाणीच आलं. सरांचा पियानो! मी घाईघाईने म्हणालो, "रमणिकभाई, भिंतीपलीकडून काय कळणार? पूजेला समोर बसून एकदा ऐका, मग ठरवा."

ते कबूल झाले. दार लागताच प्रश्न आला: वाजवायचं कुणाचं?

"माझं," सुलभा म्हणाली.

"पथ्याचा शिरा खाऊन कोण मत देईल?"

शुक्रवारपर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोललो. शेवटी मी तोडगा काढला. उजवा हात तिचा, तिच्या पुस्तकातून. डावा माझा, माझ्या पुस्तकातून. बाक एक, रचना एक!

"तालीम?" सुलभाने विचारलं.

"तालीम कशाला? बाप तर एकच आहे ना सगळ्या सुरांचा!" (हे वाक्य ती आजही पाहुण्यांना ऐकवते.)

शनिवारी चौघांनी पियानो ढकलत पार्किंगमध्ये मांडवाखाली आणला. पूजा झाली, आरती झाली, आम्ही बसलो. पहिलं पान झकास गेलं. दुसऱ्या पानावर ती पुढे धावू लागली.

"अहो, पळा जरा!" ती पुटपुटली. (चारचौघांत मी 'अहो' असतो.)

"तूच थांब! पुढे मोठी जागा येतेय."

"कसली जागा? संपलं की!"

आणि खरंच, तिचं संपलं! तिने हात मांडीवर ठेवले, वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. माझी मात्र अजून तीन पानं बाकी. माझ्या दिलदार माणसाने सगळी रचना दुप्पट जोराने पुन्हा घोळवून लिहिली होती, आणि सुलभाच्या काटकसरी माणसाने ती एकदाच! इतकी वर्षं भांडलो, पण दुसऱ्याचं शेवटपर्यंत कुणी ऐकलं होतं?

थांबावं तर हार. मी नुसत्या डाव्या हाताने पुढे निघालो. धम्, धम्, धम्! लोक उठून प्रसादाच्या रांगेत लागले. जवळच्या काशीगावची, माझी नेहमीची भाजीवाली प्रसादाचा द्रोण घेऊन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"बाईचा कवाच झाला," ती सुलभाला म्हणाली. "यांचा आजून सरला न्हाय?"

"त्यांना तूप जास्त लागतं," सुलभा म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग मलाही हसू आवरेना. शेवटचे सूर मी हसतहसतच बडवले.

रमणिकभाई घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"फैसला झाला," ते म्हणाले. "पियानो राहील. पण एक शर्त. आजपासून दोनों साथ में! हमको एक ही बार सुनना पड़ेगा."

सुलभाने सगळ्यांदेखत माझा हात घट्ट धरला. शिऱ्यात तूप अगदी बेताचं होतं. मी तीनदा मागून खाल्ला.

तेव्हापासून आम्ही एकाच बाकावर बसतो. तिचं संपलं की ती उठून चहा टाकते. चहा उकळतो, गाळून होतो, तिचा पिऊनही होतो, तेव्हा कुठे मी शेवटच्या पानावर पोचतो. गार चहाची आता इतकी सवय झाली आहे की कधी गरम मिळाला तर वाटतं, एखादं पान वाजवायचं राहिलं!