नाजूक जीव

आमच्या पडेगावच्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर ती राहायची. मूळची लासूर स्टेशनची, विद्यापीठात संशोधन करायची. प्लास्टिकवर छापलेले, कागदासारखे पातळ सोलर सेल ती गच्चीवर उन्हात मांडायची आणि ते किती दिवस तग धरतात ते बघायची. त्यांच्याबद्दल बोलायची मात्र घरातल्या आजारी माणसासारखं. "काकू, हा कालपासून उतरलाय. लई नाजूक जीव. ज्या उन्हावर जगायचं, तेच ऊन ह्यांना खातं."

एका वर्षी दुष्काळ पडला. टँकरचं पाणी खालच्या टाकीत पडायचं, पण पंपानं वर चढवायला वीज नसायची. म्हणून सोसायटीनं सोलर घ्यायचं ठरवलं. एक विक्रेता तसलेच पातळ सेल घेऊन बैठकीला आला. स्वस्त होते. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती उठली. "हे घेऊ नका. वर्ष-दोन वर्षांत मान टाकतील. नेहमीची काचेची पॅनेलं घ्या."

"अहो, तुमचंच तर काम ना हे?" सेक्रेटरी म्हणाले.

"व्हय, म्हणून तर सांगतेय."

काचेची पॅनेलं आली. दिवसभर ऊन लागेल अशी जागा गच्चीवर एकच होती, तिच्या सेलांची. तिनं आपला स्टँड स्वतःच सोडवला. मोजत आणलेले दिवस तुटले, प्रयोग आता पहिल्यापासून करावा लागणार होता.

"वाईट नाही वाटत गं?" मी विचारलं.

"वाटतंय की, काकू. पण पाणी तर चढंल."

एवढं म्हणून ती तिथंच कठड्याशी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं.