पाहुण्यांकडे पाठ

आमच्या सांस्कृतिक मंडळाच्या अध्यक्षांशी मी बोलत नाही, आणि बोलायची इच्छाही नाही.

वेरूळ पाहायला आलेल्या चार ब्राझिली वादकांनी ओळखीतून आमच्याकडे एक संध्याकाळ वाजवायचं कबूल केलं होतं. मँडोलिन, दोन गिटारी आणि डफासारखं एक वाद्य. त्यांच्या संगीताला शोरो म्हणतात. व्यवस्था माझ्याकडे, म्हणून मी त्यांना विचारून यादी केली: बिनहाताच्या चार खुर्च्या, मध्ये टेबल, पाणी. हे लोक टेबलाभोवती गोल बसून, एकमेकांकडे बघत वाजवतात. 'टेबल'खाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

साडेपाचला पोचले तर मंचावर खुर्च्या एका ओळीत, समोरच्या, प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्याकडे तोंड करून. टेबल कोपऱ्यात, त्यावर शाली, नारळ, फेटे.

"भाऊ, हे काय?"

"वहिनी, पाहुण्यांकडं पाठ करून कोण वाजवतंय?" अध्यक्ष म्हणाले. "आपल्यात चालत नाय ते."

"त्यांच्यात चालतं. वाजवणार ते आहेत."

"मग नारळ काय जमिनीवर ठिवू?"

त्यांचा मेहुणा मागून म्हणाला, "दाजी, नारळ वहिनींच्या यादीत नाय, म्हणून लई त्रास होतोय त्यांना." सगळे हसले.

सत्कारात पाऊण तास गेला. साडेसातला सभागृह रिकामं करायचं होतं. दुसऱ्यांची हळद होती. चौघांच्या डोक्यावर फेटे. मँडोलिनवाला एका टोकाला, मोठी गिटार दुसऱ्या टोकाला. मँडोलिन पुढे धावायची, गिटार मागून धापा टाकत यायची. मँडोलिनवाला सारखा मान काढून गिटारवाल्याकडे बघत होता. दुसरी रचना मध्येच थांबली. तो ओशाळून हसला, आणि सोफ्यावरून टाळ्या पडल्या. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "अप्रतिम!"

ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी मंचावर चढले, शाली खुर्चीवर टाकल्या, नारळ जमिनीवर ठेवले. त्यातले दोन गडगडत गेले. टेबल ओढायला लागले तसं डफवाल्याने दुसरी बाजू उचलली. चौघं फेटे काढून गोल बसले. मँडोलिनवाल्याची पाठ बरोबर सोफ्याकडे.

"चला साहेब," प्रमुख पाहुण्यांना म्हणत अध्यक्ष उठले. त्यांच्यामागे पुढच्या दोन रांगा. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "वहिनी, उद्यापासून मंडळात येऊ नका."

"उद्यापासून ना? मग आज ऐकते."

आणि मी रिकाम्या सोफ्यावर जाऊन बसले.

आता गिटार खालच्या सुरांत जिना उतरावा तशी उतरायची, आणि मँडोलिन शेवटच्या पायरीवर तिची वाट अडवायची. मँडोलिनवाल्याने भुवई उडवली असावी, कारण समोरचा डफवाला हसला आणि लय वाढली. मग एक संथ रचना. मँडोलिनच्या जोडतारा इतक्या बारीक थरथरत होत्या की एकच सूर लांबवर ओढल्यासारखा वाटे. रडू यावं तोच सूर एकदम खोडकर वळण घेई. मला दिसत होती फक्त त्याची घामाने भिजलेली पाठ आणि उजवं कोपर. तेवढं पुरलं.

हळदवाले दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना हातानेच थांबायला सांगितलं.