नाही म्हणायची सोय

अकोल्याकडच्या आमच्या गावांत गुडघेदुखीच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे. त्या कामाच्या सिस्टरबाईंबरोबर मी फिरते. घरं दाखवायची आणि गप्प बसायचं, एवढं मला जमतं. माणसं कमी भरली तर बाईंचं काम सुटेल, असं वरचे साहेब फोनवर सारखं ऐकवत होते.

आमच्याच गावातल्या एका आजींकडे गेलो. बाईंनी नीट सांगितलं. काहींना औषधाची गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती ते त्यांनाही कळणार नाही. त्रासही होऊ शकतो. आजींनी आमच्यापुढे चहा ठेवला आणि होकाराच्या कागदासाठी अंगठा पुढं केला.

"कळलं का आजी, मी काय म्हणाले?"

"कळलं की. काही गोळ्या फुसक्या. माझं नशीब बगता मला त्याच येनार."

"मग नको असेल तर नाही म्हणा."

"दारात आलेल्याला न्हाई म्हनू? आन ही आमच्या गावची सून संगं हाय."

मला बरं वाटलं. काम झालं असं मी धरलं होतं. पण बाईंनी शाईची डबी बंद केली, चहा पिऊन उठल्या. जीपपाशी आल्यावर मला म्हणाल्या,

"मावशी, हा होकार गोळीला नव्हता. चहा दिला तसाच त्यांनी तो दिला मला."

मग त्या परत गेल्या. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "आजी, बाजारच्या दिवशी मी दवाखान्यात असते. वाटलं तर या. नाही आलात तर नको आहे असं मी समजेन. राग नाही."

"चहा देशील का?"

"देईन. अंगठा नाही दिला तरी देईन."

मी बघतच राहिले. मला जन्मात कुणी एकच गोष्ट दोनदा विचारली नव्हती. लग्नाचंसुद्धा नाही.

बाजारच्या दिवशी साहेबांचा फोन सकाळीच आला. बाई दाराकडे बघत होत्या. दुपारी मला खिडकीतून आजी दिसल्या. पिशवी घेऊन रस्त्याच्या पलीकडून, पदर तोंडावर ओढून, दुखऱ्या पायांनी जमेल तेवढ्या लगबगीनं चालल्या होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात बाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं.

"बाजूला व्हा मावशी. त्यांना अवघडेल."

आजी वळणाआड गेल्यावर बाईंनी साहेबांना फोन लावला.

"त्या नाही म्हणाल्या, सर."